लक्ष्यभाव वाढला, कंपनीने नवी कंपनी घेतली, तरी समभाग का पडला?

कोथरूडचा भागधारक

नमस्कार. पुण्यातच मुख्यालय असलेल्या एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीचे काही समभाग माझ्याकडे बऱ्याच वर्षांपासून आहेत. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण समभाग ठेवावेत की विकावेत हा सल्ला मला नको आहे. जे घडले त्यामागचा कार्यकारणभाव समजून घ्यायचा आहे.

मध्यंतरी एका संध्याकाळी, बाजार बंद झाल्यावर, या कंपनीने अमेरिकेतील एक लहान कंपनी संपूर्ण रोखीने विकत घेत असल्याचे शेअर बाजारांना कळवले. निवेदनाची भाषा नेहमीप्रमाणे उत्साहाची होती: कृत्रिम बुद्धिमत्तेतील कौशल्य, आरोग्य क्षेत्रातील नवे ग्राहक वगैरे. दुसऱ्या दिवशी सकाळी एका मोठ्या दलाली पेढीने ‘खरेदी’ची शिफारस कायम ठेवून लक्ष्यभाव, म्हणजे समभाग पुढे जिथवर जाईल असा तिचा अंदाज, १,५०० रुपयांवरून १,६८० रुपयांवर नेल्याची बातमी वाहिन्यांवर झळकत होती. त्या वेळी समभाग १,४०० रुपयांच्या आसपास होता. बाजार उघडला तो खालच्या भावानेच, आणि दिवसअखेर घसरण सहा टक्क्यांच्या वर गेली. निफ्टी आयटी निर्देशांक मात्र त्या दिवशी जवळजवळ जागेवरच होता, त्यामुळे ‘काल अमेरिकेत पडझड झाली’ हे ठेवणीतले कारणही इथे लागू पडत नाही.

आमच्या सोसायटीतल्या जाणकारांचे म्हणणे असे, की हा सगळा भाव मुद्दाम हलवणाऱ्या ऑपरेटरांचा खेळ असतो आणि त्यात कारणे शोधत बसू नये. ते मला पटत नाही. ज्या पेढीचे अहवाल मोठमोठे फंड पैसे मोजून वाचतात, तिने लक्ष्यभाव बारा टक्क्यांनी वाढवावा आणि त्याच दिवशी लोकांनी विक्रीला रांग लावावी, याला काहीतरी हिशेब असणारच. शिवाय अशा व्यवहारांत विकली जाणारी कंपनी वधारते आणि विकत घेणारी बहुधा पडते असे मी नेहमी पाहतो. विकत घेणाऱ्याला आपल्या धंद्यातले काही कळतच नाही असे बाजाराला वाटते काय? आणि तसे असेल तर विश्लेषकांच्या मताला आमच्यासारख्यांनी किती किंमत द्यावी? जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

जुना उपदलाल

वाहिनीवर लक्ष्यभाव हा एकच आकडा दिसतो, पण तो बहुधा दोन आकड्यांचा गुणाकार असतो. विश्लेषक पुढील वर्षाच्या प्रतिसमभाग कमाईचा, म्हणजे बाजारात सगळे ज्याला ईपीएस म्हणतात तिचा, अंदाज बांधतो आणि त्या कमाईला बाजार किती पट भाव देईल हे ठरवून दोन्हींचा गुणाकार करतो. आपण दिलेल्या आकड्यांवरून एक शक्यता मांडतो. जुने १,५०० रुपये हे ५० रुपये कमाई गुणिले ३० पट असे आले असतील, आणि नवे १,६८० रुपये हे ४८ रुपये कमाई गुणिले ३५ पट असेही येऊ शकतात. तसे असेल तर पेढीने लक्ष्यभाव वाढवला हे खरे, आणि त्याच अहवालात कमाईचा अंदाज चार टक्क्यांनी घटवला हेही तितकेच खरे. पट किती धरायची हा बराचसा मर्जीचा मामला आहे. कमाईचा अंदाज त्यामानाने ठोस असतो. त्यामुळे फंडाचा व्यवस्थापक अहवाल हाती आला की पहिले पान उलटतो आणि ‘जुना अंदाज, नवा अंदाज’ या तक्त्यावर बोट ठेवतो. वाहिनीला पहिले पान पुरते.

पट न वाढवताही लक्ष्यभाव फुगवता येतो. वर्षाच्या मध्यावर विश्लेषक आपला आधार सहा महिने पुढे सरकवतात, म्हणजे येत्या मार्चपर्यंतच्या कमाईऐवजी त्यापुढच्या सप्टेंबरपर्यंतची कमाई धरतात. पेढ्यांत याला रोल फॉरवर्ड म्हणतात. कंपनीत काडीचाही बदल झालेला नसताना लक्ष्यभाव यामुळे काही टक्क्यांनी वर जातो, आणि छोटा गुंतवणूकदार समजतो की काहीतरी चांगले घडले.

दुसरा मुद्दा क्रमाचा आहे. इन्फोसिसने १३ एप्रिल २०२३ च्या संध्याकाळी तिमाही निकाल जाहीर केले आणि नव्या आर्थिक वर्षासाठी फक्त ४ ते ७ टक्के महसूलवाढीचा अंदाज दिला. दुसऱ्या दिवशी आंबेडकर जयंतीची सुटी होती आणि पुढे शनिवार-रविवार. तेवढ्या अवकाशात अनेक पेढ्यांनी शिफारसी खाली आणल्या, आणि सोमवारी, १७ तारखेला, समभाग व्यवहारादरम्यान १५ टक्क्यांपर्यंत कोसळून सुमारे ९ टक्के घसरणीवर बंद झाला. ‘शिफारस घटवल्याने इन्फोसिस आपटला’ असे मथळे त्या दिवशी सहज देता आले असते, पण भाव पाडण्याचे काम गुरुवारच्या संध्याकाळीच झाले होते. पेढ्यांची पत्रे हे वरातीमागून आलेले घोडे होते. शिफारसीतील बदल पुष्कळदा असाच निकालांच्या पाठोपाठ येतो, त्यामुळे भावातील हालचालीचे श्रेय कोणाचे हे वेगळे काढणे कठीण असते.

याचा अर्थ मतांना वजनच नाही असा नव्हे. डिसेंबर १९९८ मध्ये हेन्री ब्लॉजेट या विश्लेषकाने ॲमेझॉनसाठी ४०० डॉलरचा लक्ष्यभाव दिला, तेव्हा समभाग त्याच दिवशी जवळजवळ पाचव्या हिश्श्याने उसळला आणि महिनाही व्हायच्या आत ४०० डॉलरच्या पार गेला. तेव्हाच्या इंटरनेट कंपन्यांना नफाच नव्हता, त्यामुळे भावाला टेकायला दुसरा आधार नव्हता, आणि म्हणून मताला इतका जोर आला. तोच विश्लेषक पुढे मेरिल लिंचमध्ये गेला. ज्या समभागांची तो जाहीर शिफारस करत होता त्यांविषयी खासगी ईमेलमध्ये भलतेच काही लिहीत होता हे उघड झाले, आणि २००३ साली त्याच्यावर या व्यवसायात काम करण्यास कायमची बंदी आली. त्याच वर्षी दहा मोठ्या अमेरिकी पेढ्यांनी १४० कोटी डॉलर मोजून अशा प्रकरणांत तडजोड केली. आपल्याकडे बाजार नियामक सेबीचे संशोधन विश्लेषक विनियम २०१४ पासून आहेत. ज्या समभागावर अहवाल लिहायचा त्यात प्रसिद्धीपूर्वी तीस दिवस आणि नंतर पाच दिवस स्वतः व्यवहार करता येत नाही, आणि हितसंबंध उघड करावे लागतात. अहवालाच्या शेवटी बारीक टाइपात ते छापलेले असते. पेढी त्याच कंपनीची मर्चंट बँकर, म्हणजे भांडवल उभारणीतील सल्लागार, आहे का, हे तिथे सापडते.

अमेरिकेतील केंट वोमॅक यांनी १९९६ साली केलेल्या अभ्यासात ‘खरेदी’च्या शिफारशीनंतरची पुढची वाढ सरासरी २.४ टक्के आणि अल्पजीवी आढळली होती, तर ‘विक्री’च्या शिफारशीनंतरची घसरण सहा महिने चालून ९.१ टक्क्यांपर्यंत गेली होती. कारण उघड आहे. विक्रीचा सल्ला देणाऱ्या विश्लेषकाला कंपनीच्या व्यवस्थापनाचा रोष पत्करावा लागतो, त्यामुळे तो सल्ला दुर्मीळ असतो आणि पुरेसे कारण असल्याशिवाय कोणी देत नाही. कुमठेकर रस्त्यावर पुण्याचा स्वतःचा शेअर बाजार होता त्या काळीही आम्ही ‘घ्या’ म्हणणाऱ्याचे ऐकून सोडून देत असू आणि ‘विका’ म्हणणाऱ्याला थांबवून कारण विचारत असू.

ताळेबंद

उपदलाल यांनी ५० चे ४८ कसे झाले असावेत तिथपर्यंत आणून सोडले आहे. मी सनदी लेखापाल आहे, त्यामुळे पुढचा हिशेब करून दाखवतो. आकडे अर्थातच कल्पित आहेत, पण रचना खरी आहे.

समजा, कंपनीचे १० कोटी समभाग आहेत आणि पुढील वर्षी करोत्तर नफा ५०० कोटी रुपये अपेक्षित आहे, म्हणजे प्रतिसमभाग ५० रुपये. ती ६०० कोटी रुपये रोख देऊन दुसरी कंपनी घेते. हे ६०० कोटी आजवर बँकेत किंवा लिक्विड फंडात साधारण ७ टक्क्यांनी ४२ कोटी मिळवत होते. कर वजा जाता सुमारे ३१.५ कोटींचे हे उत्पन्न आता बंद झाले. नव्या कंपनीचा करोत्तर नफा समजा ३० कोटी आहे. इथपर्यंत हिशेब जवळजवळ बरोबरीत सुटतो. परंतु भारतीय लेखा मानकांनुसार खरेदीच्या किमतीतील काही भाग ग्राहकांशी असलेले करार आणि तंत्रज्ञान यांसारख्या अमूर्त मालमत्तांना जोडावा लागतो आणि तो काही वर्षांत नफ्यातून वळता करावा लागतो. असा भाग १८० कोटींचा आणि मुदत सहा वर्षांची धरली, तर दरवर्षी ३० कोटी, म्हणजे करानंतर साडेबावीस कोटी, नफ्यातून जातात. आता बेरीज करा: ५०० वजा ३१.५, अधिक ३०, वजा २२.५, म्हणजे ४७६ कोटी. प्रतिसमभाग ४७ रुपये ६० पैसे. विश्लेषकाने ४८ लिहिले असतील तर त्याने थोडी उदारताच दाखवली.

किमतीचा जो भाग कोणत्याच मालमत्तेला जोडता येत नाही तो गुडविल म्हणून ताळेबंदात बसतो. तो दरवर्षी वळता होत नाही, पण दरवर्षी तपासावा लागतो, आणि घेतलेल्या कंपनीचा धंदा अपेक्षेइतका चालला नाही तर एका फटक्यात उडवावा लागतो. एचपीने ऑगस्ट २०११ मध्ये ब्रिटनची ऑटोनॉमी ही सॉफ्टवेअर कंपनी सुमारे ११ अब्ज डॉलरला घेण्याचे जाहीर केले, आणि पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात ८.८ अब्ज डॉलर उडवले. मात्र लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की एचपीचा समभाग घोषणेच्या दुसऱ्याच दिवशी सुमारे २० टक्के पडला होता. त्याच दिवशी कंपनीने आपला संगणक विभाग वेगळा काढण्याचा विचार बोलून दाखवला होता आणि टॅब्लेटचा धंदा गुंडाळत असल्याचेही सांगितले होते. बाजाराने ही सगळी विधाने एकत्र वाचली आणि निष्कर्ष काढला, की या कंपनीला आपल्या मूळ धंद्याचाच भरवसा उरलेला नाही.

माझ्या मते आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर इथे आहे. अधिग्रहणाची घोषणा ही घेणाऱ्या कंपनीच्या तोंडून निघालेली स्वतःविषयीची जबानी असते. ॲडोबीने सप्टेंबर २०२२ मध्ये फिग्मासाठी २० अब्ज डॉलर मोजायची तयारी दाखवली आणि समभाग त्या दिवशी सुमारे १७ टक्के घसरला, कारण किंमत अवाच्या सवा वाटलीच, शिवाय आपल्या अंगणात शिरलेल्या प्रतिस्पर्ध्याशी ॲडोबी स्वतःच्या उत्पादनांच्या बळावर लढू शकत नाही असा अर्थ लोकांनी लावला. पुढे युरोप आणि ब्रिटनमधील नियामकांच्या हरकतींमुळे डिसेंबर २०२३ मध्ये हा व्यवहार मोडला आणि ॲडोबीला एक अब्ज डॉलर नुकसानभरपाई द्यावी लागली. आपल्या पुण्यातील कंपनीच्या भागधारकांनीही त्या सकाळी बहुधा हेच विचारले असेल: आरोग्य क्षेत्रातील ग्राहक स्वतः मिळवता येत होते, तर विकत का घ्यावे लागले?

पहिल्या दिवशीचा निकाल अंतिम असतो असे मात्र समजू नये. कोफोर्जने मे २०२४ मध्ये सिग्निटी टेक्नॉलॉजीजचा ५४ टक्क्यांपर्यंत हिस्सा १,४१५ रुपये दराने घेण्याचे ठरवले, तेव्हा दुसऱ्या दिवशी समभाग दहा टक्क्यांच्या आसपास आपटला. त्याच वर्षाच्या अखेरीस तो विक्रमी पातळीवर होता. पर्सिस्टंटने २०२२ साली घेतलेल्या डेटा ग्लोव्ह आणि मीडियाॲजिलिटी किंवा केपीआयटीने त्याच वर्षी जर्मनीत घेतलेली टेक्निका, या घेणाऱ्याच्या आकाराच्या मानाने लहान खरेद्या होत्या, नेमके कौशल्य जोडण्यासाठी केलेल्या. त्यांची तुलना एचपीशी करणे अन्यायाचे होईल.

घरबसल्या करता येण्याजोगी तपासणी एवढीच, की सेबीच्या सूचीबद्धता विनियमांतील कलम ३० खाली दिलेले मूळ निवेदन शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावे. त्यात विकत घेतलेल्या कंपनीची मागील तीन वर्षांची उलाढाल द्यावीच लागते. ती वाढत आहे, थबकली आहे की उतरत आहे, आणि किंमत तिच्या किती पट आहे, हे दोन मिनिटांत समजते. उलाढाल तीन वर्षे एकाच जागी उभी असेल तर निवेदनातील कृत्रिम बुद्धिमत्तेचा उल्लेख खुशाल ओलांडून पुढे जावे.

खराडीकर

मी गुंतवणूकदार म्हणून लिहीत नाही. मी ज्या छोट्या कंपनीत काम करत होते ती एका मोठ्या कंपनीने विकत घेतली, तेव्हा आतून जे दिसले ते सांगते, कारण ताळेबंद यांच्या हिशेबातील एक ओळ तिथे प्रत्यक्ष पाहायला मिळाली.

सॉफ्टवेअर सेवा कंपनीत विकत घेण्यासारखे यंत्र किंवा जमीन नसते. असतात ती माणसे आणि त्यांच्यावर विश्वास ठेवणारे चार-दोन ग्राहक. म्हणून किमतीचा एक भाग रोखून ठेवला जातो आणि ठरलेली मुदत पूर्ण करणाऱ्यांना टप्प्याटप्प्याने दिला जातो. आमच्याकडे संस्थापकांसाठी वेगळा करार होता आणि तुकडीप्रमुखांसाठी वेगळा. बाकीच्यांना नव्या कंपनीचे नियुक्तिपत्र, नवा बॅज आणि हिंजवडीला बदली होण्याची शक्यता एवढेच मिळाले. पहिली रक्कम खात्यात जमा झाल्यावर दोघे प्रमुख गेले आणि त्यांच्यापाठोपाठ त्यांची तुकडी गेली, त्यानंतर सर्वांत जुन्या ग्राहकाने काम दुसरीकडे हलवण्याची बोलणी सुरू केली. यातले काहीही त्या तिमाहीच्या निवेदनात नव्हते. नंतर कधीतरी विश्लेषकांच्या दूरध्वनी बैठकीत कोणीतरी मार्जिन, म्हणजे नफ्याचे प्रमाण, घटल्याबद्दल विचारले, तेव्हा ‘एकत्रीकरणाचा खर्च’ असे उत्तर देण्यात आले.

त्यामुळे एक प्रश्न ताळेबंद यांनाच विचारावासा वाटतो: नोकरीत टिकून राहण्याच्या अटीवर दिलेली ही रक्कम खरेदीच्या किमतीत धरतात की पगाराच्या खर्चात?

ताळेबंद

खराडीकर, पगाराच्या खर्चात. रक्कम मिळण्यासाठी नोकरीत राहणे ही अट असेल तर ती कर्मचारी खर्च म्हणून त्या-त्या वर्षी नफ्यातून जाते. त्यामुळे माझ्या हिशेबातील ४७ रुपये ६० पैसे आणखी खाली येतील, आणि अमूर्त मालमत्तेच्या वळतीचा परिणाम वगळून नफा दाखवणारे व्यवस्थापन हा खर्चही वगळून दाखवण्याचा मोह धरते. दूरध्वनी बैठकीची लेखी प्रत कंपनीला पाच कामकाजाच्या दिवसांत जाहीर करावी लागते. विश्लेषकांनी विचारलेले प्रश्न तिथे वाचावेत. त्यांच्या शिफारशींपेक्षा त्यांचे प्रश्न अधिक प्रामाणिक असतात.

नारायण पेठ

वरची चर्चा वाचताना असे वाटते, की बाजार प्रत्येक अधिग्रहण कमाईच्या तागडीत तोलतो. भारतीय तंत्रज्ञान कंपन्यांच्या बाबतीत सर्वांत मोठे तडाखे कमाईच्या हिशेबाने बसलेले नाहीत, हेतूविषयीच्या शंकेने बसले आहेत, याची नोंद व्हावी.

सत्यमने १६ डिसेंबर २००८ रोजी प्रवर्तकांच्याच कुटुंबाशी संबंधित मायटास इन्फ्रा आणि मायटास प्रॉपर्टीज या कंपन्या १६० कोटी डॉलरला घेण्याचे जाहीर केले. सॉफ्टवेअर कंपनीला बांधकाम आणि जमिनीचा धंदा कशासाठी हवा, हा प्रश्न न्यूयॉर्कमध्ये लगेच विचारला गेला आणि तिथले डिपॉझिटरी समभाग निम्म्याहून खाली आले. काही तासांतच निर्णय मागे घेण्यात आला, तरीही दुसऱ्या दिवशी मुंबईत समभाग सुमारे ३० टक्के पडला. व्यवहार रद्द झालेला असताना भाव का पडावा? कारण पैसा कोणीकडे वळवण्याची इच्छा आहे ते दिसून गेले होते. हिशेब फुगवल्याची कबुली देणाऱ्या, अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या ७ जानेवारी २००९ च्या पत्राने मग बाकीचे सांगितले. तोपर्यंत ‘खरेदी’ची शिफारस चालू ठेवणाऱ्या पेढ्या होत्या, हेही विसरता येत नाही.

इन्फोसिसचे पनाया प्रकरण त्या जातीचे नव्हते, पण त्यातही रकमेपेक्षा विश्वासाचाच प्रश्न होता. २०१५ साली इस्रायलच्या त्या कंपनीसाठी मोजलेले २० कोटी डॉलर हे इन्फोसिसच्या तिजोरीच्या मानाने किरकोळ होते. किंमत जास्त दिल्याचे निनावी आरोप झाले, चौकशीत गैर काही आढळले नाही असे कंपनीने सांगितले, संस्थापक आणि संचालक मंडळ यांच्यात जाहीर वाद झाला, आणि १८ ऑगस्ट २०१७ रोजी मुख्य कार्यकारी अधिकारी विशाल सिक्का यांनी राजीनामा दिला त्या दिवशी समभाग जवळजवळ १० टक्के घसरला. पुण्यात १९८१ साली जन्मलेल्या कंपनीच्या बाबतीत हे घडल्याने इथल्या जुन्या भागधारकांत तेव्हा फार हळहळ होती. म्हणून कोथरूडकरांनी निवेदनात सर्वप्रथम एक ओळ शोधावी: व्यवहार संबंधित पक्षाशी आहे काय. तिथे ‘होय’ असेल तर पुढचे हिशेब नंतर.

कोथरूडचा भागधारक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. निवेदन उतरवून पाहिले. संबंधित पक्ष नाही, आणि उलाढाल तीन वर्षांत किंचित वाढलेली आहे. एक शंका राहते. विकली जाणारी कंपनी सूचीबद्ध असेल तर तिचा भाव जाहीर किमतीपर्यंत तत्काळ का पोहोचत नाही? आणि कधी कधी तो त्या किमतीच्याही वर कसा जातो?

जुना उपदलाल

आयबीएमने २८ ऑक्टोबर २०१८ रोजी रेड हॅट ही कंपनी प्रतिसमभाग १९० डॉलर रोख देऊन घेण्याचे जाहीर केले. आदला बंद भाव ११६.६८ डॉलर होता. पुढच्या सत्रात रेड हॅट सुमारे ४५ टक्के वाढून १७० डॉलरच्या जवळ थांबला, आणि आयबीएम सुमारे ४ टक्के घसरला. मधले वीस डॉलर कोणी सोडून दिले होते असे नाही. पैसे हातात यायला वेळ लागणार होता, प्रत्यक्षात व्यवहार जुलै २०१९ मध्ये पूर्ण झाला, आणि नियामकांनी अडवले तर भाव पुन्हा ११६ कडे जाण्याची भीती होती. त्या वेळेचे व्याज आणि त्या भीतीची किंमत मिळून ते वीस डॉलर होतात. व्यवहार पूर्णत्वाकडे जातो तसतसे अंतर मिटत जाते. हेच अंतर पकडण्याचा धंदा करणारे फंड असतात, आणि घोषणेनंतर आपल्याकडून समभाग घेणारे पुष्कळदा तेच असतात.

भारतात सूचीबद्ध कंपनीचा २५ टक्के किंवा अधिक हिस्सा घेणाऱ्याला उर्वरित भागधारकांकडून किमान आणखी २६ टक्के विकत घेण्याची ओपन ऑफर द्यावी लागते. एल अँड टीने २०१९ साली माइंडट्रीमध्ये व्ही. जी. सिद्धार्थ यांचा सुमारे २० टक्के हिस्सा ९८० रुपयांनी घेतला, बाजारातूनही समभाग घेऊन २५ टक्क्यांच्या वर जाण्याचे ठरवले आणि त्याच दराने ऑफर दिली, तेव्हा संस्थापकांचा उघड विरोध असूनही भाव त्या आकड्याच्या आसपास टेकून राहिला, कारण खाली कोणीतरी ९८० ला घ्यायला उभे होते. जूनअखेर ऑफर संपली, तो टेकू निघाला, आणि जुलैतील कमकुवत निकालांनंतर भाव बराच उतरला. ज्यांनी ‘आता एल अँड टी आली, आणखी वर जाईल’ म्हणून ऑफरमध्ये समभाग दिले नाहीत, त्यांना पुढे बराच काळ वाट पाहावी लागली.

ऑफरच्या वर भाव जाण्याचे उदाहरण आपल्याच गावाशी संबंधित आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या टेक महिंद्राने एप्रिल २००९ मध्ये सत्यमचा ३१ टक्के हिस्सा ५८ रुपये दराने मिळवला आणि भागधारकांना त्याच दराने ऑफर दिली. परंतु खंबीर मालक मिळाल्यामुळे बाजाराने कंपनी बुडणार नाही असे गृहीत धरले, भाव ५८ च्या बराच वर गेला, आणि ऑफरला जवळजवळ कोणीच समभाग दिले नाहीत. २०१३ साली विलीनीकरण झाले तेव्हा सत्यमच्या १७ समभागांमागे टेक महिंद्राचे २ समभाग मिळाले. समभागांच्या बदल्यात होणाऱ्या अशा व्यवहारात दोन्ही भाव एका दोरीने बांधले जातात: घेणाऱ्याचा भाव घसरला की विकल्या जाणाऱ्याचाही त्या गुणोत्तरात घसरतो.

अफवांबद्दलही एक गोष्ट. जून २०२४ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या शंभर आणि त्याच डिसेंबरपासून पहिल्या अडीचशे सूचीबद्ध कंपन्यांना, प्रसारमाध्यमांतील बातमीने भाव लक्षणीय हलला तर चोवीस तासांत खुलासा करावा लागतो. आपली कंपनी त्या अडीचशेत असेल, तर पुढच्या वेळी वाहिनीवरील पट्टीआधी शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर नजर टाकावी.

ताळेबंद

फक्त कराची पुरवणी. ओपन ऑफरमध्ये शेअर बाजाराच्या खिडकीतून दिलेल्या समभागांवर रोखे व्यवहार कर भरला जातो, त्यामुळे बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या समभागांचा नफा दीर्घकालीन धरला जातो. २३ जुलै २०२४ पासून वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे. ऑफरमध्ये द्यावे की बाजारात विकावे हे ठरवताना दोन्हीकडे हाच दर लागतो, त्यामुळे निर्णय भावावर आणि ऑफरमध्ये सगळे समभाग स्वीकारले जातील की ठरावीक प्रमाणातच, यावर घ्यावा.